न्हाणी बोलू लागते तेव्हा

उन्हाळ्याच्या सुटीत पंधरा-वीस दिवस मामाच्या गावी राहून तुम्ही परत येता. कुलूप काढता, दार ढकलता, आणि आत पाऊल टाकण्यापूर्वीच नाकाला कळते की घर बरेच दिवस बंद होते. वास कोंदट असतो, पण नुसता कोंदट नसतो; त्यात सडक्या अंड्यासारखे काहीतरी मिसळलेले असते. आई म्हणते, "आधी न्हाणीत दोन बादल्या पाणी ओत." तुम्ही पाणी ओतता, खिडक्या उघडता आणि अर्ध्या तासात वास नाहीसा होतो. त्या दोन बादल्यांनी नेमके काय केले, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे काय?

वर्गात मी हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेक विद्यार्थी "न्हाणी धुतली गेली" असे उत्तर देतात. ते बरोबर नाही. न्हाणी धुऊनच तुम्ही गावाला गेला होता. त्या पाण्याने धुण्याचे काम केलेच नाही. जागेवरून नाहीशी झालेली एक वस्तू त्याने पुन्हा जागेवर आणून ठेवली. ती वस्तू म्हणजे पाण्याचे बूच.

न्हाणीच्या कोपऱ्यातील जाळी काढून आत विजेरीचा झोत टाका. खाली पाणी साचलेले दिसेल. तेथे नळी सरळ खाली न जाता इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वळलेली असते. वळणाच्या तळाशी नेहमी थोडे पाणी राहते. तुम्ही वरून पाणी ओतले की तेवढेच पाणी पलीकडच्या कडेवरून सांडून पुढे जाते, पण वळण भरलेलेच राहते. पाणी पलीकडे जाऊ शकते, हवा मात्र अलीकडे येऊ शकत नाही. फिरणारा एकही भाग नसलेला, कधीही न गंजणारा आणि प्रत्येक आंघोळीला आपोआप नवा होणारा असा हा दरवाजा आहे. हार्डवेअरच्या दुकानात 'नानी ट्रॅप' मागा, तो हातात ठेवतील. यातला 'नानी' म्हणजे आजी नव्हे. तो आपला न्हाणी हाच शब्द आहे. भारतात इंग्रजीतून लिहिलेल्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या पुस्तकांतही तो 'नहाणी ट्रॅप' म्हणून छापलेला असतो. आपल्या मोरीने इंग्रजीला दिलेली ही भेट मला फार आवडते.

या बुचाची उंची किती असते? पाण्याची पातळी आणि वळणाच्या आतली बुडालेली कड यांमधले अंतर साधारण ५० मिलिमीटर ठेवतात. म्हणजे तीन बोटे. ग्रामीण शौचालयाच्या भांड्याखाली, जेथे तांब्या-दोन तांबे पाण्यात काम भागवायचे असते तेथे, ते २० मिलिमीटरच असते. बुचाच्या पलीकडे गटार किंवा सेप्टिक टाकी. (आमच्याकडे बरेच लोक तिला 'सेफ्टी टाकी' म्हणतात. तिच्यात सुरक्षित असे काही नसते, हे पुढे येईलच.) तेथे मैला कुजून मिथेन, कार्बन डायॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होत असतात. सडक्या अंड्याचा वास शेवटच्याचा. एका बाजूला हे सारे आणि दुसऱ्या बाजूला तुमचे घर. मध्ये तीन बोटे पाणी.

ही युक्ती सुचली एका घड्याळजीला. अलेक्झांडर कमिंग हा स्कॉटलंडचा कारागीर लंडनमध्ये घड्याळे बनवीत असे. १७७५ साली त्याने पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचे एकस्व घेतले. त्यात भांड्याखालची नळी 'एस' अक्षरासारखी वळवलेली होती. तसा शौचकूप इंग्लंडमध्ये त्याआधी सुमारे पावणेदोनशे वर्षे, म्हणजे १५९६ पासून माहीत होता, पण त्यात हे वळण नव्हते. वळण नसल्यावर काय होत असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

इतके सोपे असेल तर लेख येथेच संपायला हवा. परंतु पाण्याचे हे बूच उडूही शकते, आणि ते उडवायला दोन बादल्यांहून थोडे जास्त पाणी पुरते. ही गोष्ट मला पुलगावच्याच एका घरात नीट समजली. भौतिकशास्त्र शिकवायला लागून मला तेव्हा बरीच वर्षे झाली होती, हे कबूल केलेले बरे.

हे घर माझ्या एका स्नेह्यांचे. रेल्वेच्या रुळांपासून फार दूर नाही. गाडी गेली की खिडकीची तावदाने थरथरतात. त्यांच्या वृद्ध आईचे गुडघे धरले होते. कोमट पाण्यात बसून शेक घेतल्याने त्यांना बरे वाटे. म्हणून वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातला जुना सिमेंटचा हौद फोडून त्या जागी टब बसवण्यात आला. पुलगावात टब ही अपूर्वाईच; पाहायला शेजारपाजारचे लोक येऊन गेले. टबाची सांडपाण्याची नळी न्हाणीच्याच नळीला पुढे जोडून दिली. पुढच्याच आठवड्यात घरात वास सुरू झाला.

मिस्त्री आला, टबाखालचा ट्रॅप बदलून गेला. वास गेला नाही. फिनाइल झाले, डांबरगोळ्या झाल्या, उदबत्त्या झाल्या. दुसरा मिस्त्री म्हणाला, फरशी उखडावी लागेल. स्नेही हवालदिल झाले. कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की वास रोज येत नसे. काही दिवस दुपारपासून रात्रभर येई आणि सकाळी घरच्यांच्या आंघोळी झाल्या की बंद होई.

एक दिवस त्यांची नववीतली मुलगी मला म्हणाली, "काका, आजीचा टब रिकामा केला ना, की न्हाणी बोलते."

"बोलते म्हणजे?"

"गुडूप-गुडूप करते. आणि मग वास येतो. मी कॅलेंडरवर खुणा केल्या आहेत."

तिने खरोखरच केल्या होत्या. टबाच्या प्रत्येक दिवशी निळा ठिपका, वासाच्या प्रत्येक दिवशी लाल. एकही लाल ठिपका निळ्यावाचून नव्हता. घरातली मोठी माणसे फरशी उखडायला निघाली होती आणि अर्धे उत्तर भिंतीवर टांगलेले होते.

मग आम्ही दोघांनी मोजमाप केले. जाळी काढली, खराट्याची काडी आणि फूटपट्टी घेतली. टब रिकामा करण्यापूर्वी न्हाणीतल्या पाण्याची पातळी कोठे आहे ते पाहिले. मग टबाचे बूच काढले. पहिले मिनिटभर काही झाले नाही. नंतर न्हाणीतले पाणी हळूच खाली सरकले, पुन्हा वर आले, थरथरले आणि मग मोठ्याने गुडगुडत खाली गेले. टब रिकामा झाल्यावर पुन्हा काडी घातली. पातळी साडेचार सेंटीमीटर उतरली होती. पाच सेंटीमीटरचे बूच नावापुरते उरले होते.

पाणी कोणी नेले? न्हाणीला तर कोणी हातही लावला नव्हता.

उत्तरासाठी स्वयंपाकघरात जाऊ. तेलाच्या नव्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल ओतताना काय होते, हे तुम्ही पाहिले असेल. ते एकसारखे पडत नाही. गुडगुडते, थांबते, उसळते. जेवढे तेल बाहेर जाते तेवढी जागा आत रिकामी होते. तेथे हवा गेली नाही तर आतला दाब बाहेरच्या वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो आणि तेल अडते. मग त्याच भोकातून एक मोठा बुडबुडा आत घुसतो आणि तेल पुन्हा पडते. आई विरुद्ध कोपऱ्यात दुसरे भोक पाडते आणि धार सरळ होते. दुसऱ्या भोकातून तेल येत नाही, पण त्याच्यावाचून पहिले भोक धड काम करीत नाही.

सांडपाण्याची नळी हा असाच एक डबा आहे. आपण बादलीतून तांब्या-तांब्याने आंघोळ करतो तेव्हा दहा मिनिटांत फार तर चाळीस लिटर पाणी जाते. ते नळीच्या कडेकडेने ओघळते आणि मधोमध हवा मोकळी राहते. टबात मात्र दीडशे-दोनशे लिटर पाणी असते आणि त्याचे बूच काढले की ते सगळे दोन-तीन मिनिटांत निघते. म्हणजे प्रवाह सुमारे पंधरा पट. आता नळी तोंडोतोंड भरते. भरलेल्या नळीतून खाली उतरणारे पाणी पिचकारीच्या दट्ट्यासारखे वागते आणि आपल्या मागे हवा ओढते. हवा कोठून मिळणार? जेथे अडथळा सर्वांत कमी तेथून.

किती अडथळा? पन्नास मिलिमीटर पाण्याचा दाब ४९० पास्कल. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,००० पास्कल, म्हणजे १०.३ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. याचा अर्थ नळीतला दाब वातावरणापेक्षा अर्ध्या टक्क्याने जरी कमी झाला तरी बूच हरले. पहिल्या मजल्यावरून उभ्या नळीत उतरणारा तीन मीटरचा पाण्याचा स्तंभ जास्तीत जास्त तीन मीटरएवढी ओढ लावू शकतो. ती बुचाच्या साठपट झाली. प्रत्यक्षात घर्षणामुळे आणि बाजूने शिरणाऱ्या हवेमुळे एवढी ओढ लागत नाही. पण साठावा हिस्सा पुरेसा असताना पूर्ण हवी कोणाला? न्हाणीच्या ट्रॅपमधले पाणी ओढले गेले, शेवटी त्यातून हवा बुडबुड्यांनी आत शिरली. तीच न्हाणीची भाषा. तुमच्या पुस्तकात वक्रनलिका किंवा सायफन नावाचा धडा असतो; तो बहुतेक वेळा उंच टाकीतून खालच्या भांड्यात पाणी नेऊन संपतो. घरातली वक्रनलिका आपल्याला न विचारता चालू होते, हे त्यात नसते.

येथे एक गंमत सांगतो. टबाचा स्वतःचा ट्रॅप मात्र शाबूत राहिला होता. टबाचा तळ सपाट असतो, त्यामुळे शेवटचे थोडे पाणी रेंगाळत येते आणि ओढ थांबल्यावर ट्रॅप पुन्हा भरते. तोंड धुण्याच्या बेसिनचा तळ गोल असल्याने तेथे ही सोय नसते. पहिल्या मिस्त्रीने टबाचा ट्रॅप बदलला, म्हणजे घरातला एकमेव निर्दोष गडी बदलला!

आता प्रयोग. गवंडी पातळी पाहायला वापरतात तशी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी मीटरभर घ्या. स्वच्छ धुऊन घ्या. मध्ये 'यू' वळण देऊन फळीला बांधा आणि वळणात तीन बोटे पिण्याचे पाणी भरा. एका टोकाला तोंड लावून अगदी हळू हवा ओढा. पाणी तुमच्या बाजूला चढेल आणि बेताबेताने ओढूनही ते क्षणात निघून येईल. आता पुन्हा पाणी भरा. तोंड आणि वळण यांच्यामध्ये नळीला तापवलेल्या खिळ्याने एक ठळक भोक पाडा. (खिळा चिमट्यात धरा, मोठ्या माणसाला जवळ बसवा.) पुन्हा तितकेच हळू ओढा. पाणी जवळजवळ हलतही नाही. भोकावर बोट ठेवा. ते पुन्हा चढते. रसाच्या दुकानात चिरलेली स्ट्रॉ हातात आली म्हणजे आपण वैतागतो. नेमकी तीच चिरलेली स्ट्रॉ आपल्याला सांडपाण्याच्या व्यवस्थेत हवी असते.

हे भोक म्हणजेच व्हेंट पाइप, हवेची नळी. घराच्या मागच्या भिंतीवरून छतापर्यंत गेलेली आणि वरून उघडी असलेली नळी तुम्ही पाहिली असेल. बऱ्याच जणांना वाटते की ती केवळ दुर्गंधी वर सोडण्यासाठी आहे. ते काम ती करतेच. पण तितकेच महत्त्वाचे काम उलट दिशेचे आहे: पाणी खाली उतरताना तिच्यातून हवा आत येते, नळीतला दाब वातावरणाच्या दाबाएवढा राहतो आणि प्रत्येक ट्रॅपमधले बूच जागेवर टिकते. तेलाच्या डब्याचे दुसरे भोक ते हेच.

मुलीला एवढे सांगितल्यावर ती धावत गच्चीवर गेली आणि हात हलवीत खाली आली. "नळीच नाही, काका." नळी होती. पण गच्चीवर पाण्याची टाकी ठेवायला चौथरा बांधताना ती आड आली, म्हणून कोणीतरी ती कापून तिच्या तोंडावर टोपण बसवले होते. पावसाचे पाणी आत जाईल ही भीती. सेप्टिक टाकीलाही वेगळी हवेची नळी नव्हती. तीही याच नळीच्या भरवशावर होती. बादलीच्या आंघोळींत कित्येक वर्षे कोणाला काही कळले नाही. टब आला आणि दोन गोष्टी एकदम घडल्या. ओढ लागून बूच उडू लागले. आणि कोंडलेल्या वायूला वाट हवीच होती, ती अर्धा सेंटीमीटर पाणी उरलेल्या न्हाणीतून मिळाली.

टोपण काढले, नळी माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत वाढवली, आणि टबाच्या जोडणीपाशी एक लहान हवेची नळी काढून तिला मिळवली. अर्ध्या दिवसाचे काम. फरशी जागच्या जागी राहिली. पुन्हा टब भरला, पुन्हा काडी घातली. या वेळी पातळी चार मिलिमीटर उतरली. न्हाणी गप्प होती.

वासाचा एवढा बाऊ कशाला, असे कोणी म्हणेल. एकोणिसाव्या शतकात युरोपात लोकांना वाटे की दुर्गंधीच रोग आणते. १८७१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाला विषमज्वर झाला तेव्हा तो ज्या हवेलीत पाहुणा गेला होता तिच्या गटारांवर दोष आला आणि गटारवायूची मोठी धास्ती पसरली. विषमज्वराचे जंतू दूषित पाण्या-अन्नातून जातात, वासातून नव्हे, हे नंतर समजले. म्हणून ट्रॅपचे महत्त्व आपण नाकापुरते धरून बसलो होतो. २००३ च्या मार्चमध्ये हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीने हा समज हलवला. तेहतीस मजली इमारती, आणि सार्स या विषाणुजन्य आजाराची साथ. आजारी असलेला एक पाहुणा तेथील एका घरी येऊन गेला. त्याला जुलाब होत होते. १५ एप्रिलपर्यंत वसाहतीत ३२१ रुग्ण झाले. तपासात आरोग्य खात्याला आढळले की तेथील लोक न्हाणीघराची फरशी पाणी ओतून न धुता पुसून घेत, त्यामुळे जमिनीतल्या ट्रॅपमधले पाणी सुकून गेले होते. दार लावून एक्झॉस्ट पंखा सुरू केला की पंखा खोलीतली हवा बाहेर फेकी आणि तिच्या जागी मैल्याच्या उभ्या नळीतली हवा, सूक्ष्म थेंबांसह, कोरड्या ट्रॅपमधून आत ओढली जाई. सगळा प्रसार एवढ्यानेच झाला असे नाही, पण तपास अहवालात या कोरड्या ट्रॅपना मोठे स्थान आहे. आपण आत्ताच प्लॅस्टिकच्या नळीत पाहिलेले दाबाचेच गणित तेथे लागू पडले. फक्त तोंडाच्या जागी पंखा होता.

व्हेंट पाइपविषयी आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली डासांची. सेप्टिक टाकीतले घाण पाणी क्युलेक्स डासांना फार मानवते आणि उघडी नळी हा त्यांचा राजरस्ता असतो. हेच डास हत्तीरोगाच्या कृमी एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात नेतात, आणि आपला वर्धा जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात मोडतो. म्हणून आरोग्य कर्मचारी नळीच्या तोंडावर जाळी बांधायला सांगतात. नायलॉनच्या जाळीचा वीतभर तुकडा आणि तारेचे दोन वेढे एवढेच लागते. जाळीतून हवा जाते, डास जात नाही. टोपणातून मात्र दोन्ही जात नाहीत, आणि हा फरक न कळल्यामुळे जाळीऐवजी टोपण बसवलेली घरे मी पाहिली आहेत. तुमच्या गच्चीवर जाऊन आजच बघा.

दुसरी गोष्ट टाकीची. हायड्रोजन सल्फाइड थोडा असेल तर नाकाला लगेच कळतो, पण जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास थांबला म्हणजे धोका टळला असे तेथे नसते. तो हवेपेक्षा किंचित जड असल्याने तळाशी साठतो. मिथेन पेट घेतो. टाकीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, अशा बातम्या आपण आजही वाचतो. संरक्षक साधनांवाचून कोणालाही टाकीत किंवा गटारात उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकी यंत्राने उपसायची असते. टाकीचे झाकण उघडे दिसले तर डोकावू नका आणि तेथे काडी ओढू नका.

आता पहिल्या प्रश्नाकडे, बंद घराकडे येऊ. तेथे टब नव्हता, ओढ नव्हती. पाणी उडून गेले ते बाष्पीभवनाने. विदर्भातल्या मे महिन्याला काय शक्य नाही? कूलरच्या टाकीत दिवसातून किती बादल्या ओताव्या लागतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. ट्रॅपमध्ये वारा लागत नाही म्हणून तेथे वेग पुष्कळ कमी असतो, पण बूचही तीनच बोटांचे असते. गावाला जाण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे गोडेतेल सोडावे. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते, पृष्ठभाग झाकते आणि पाण्याचे रेणू हवेत सुटू देत नाही.

त्या मुलीला हे पटले नाही. "तेल तरी उडत नाही कशावरून?" असे तिने विचारले, आणि प्रश्न रास्त होता. तेव्हा आजोळी जाण्यापूर्वी तिने काचेचे दोन सारखे ग्लास सारख्याच पातळीपर्यंत भरले, एकात तेलाचा थर सोडला, दोन्हींवर शाईने रेघ मारली आणि ते खिडकीत ठेवले. जून लागल्यावर मला बोलावणे आले. तेलाच्या ग्लासातली पातळी रेघेवरच होती. दुसरा ग्लास कोरडा होता, आणि त्याच्या तळाशी आमच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा गोल डाग तेवढा उरला होता.